उशाची फळी

वैशाख लागला की आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा उरत नाही. एका अंगाला कुरड्या, दुसऱ्या अंगाला सांडगे, मधे मिरच्या, भिंतीच्या कडेनं फोडलेल्या चिंचा. राजाक्काची आई सोप्याच्या सावलीत काठी घेऊन बसते आणि एकेका कावळ्याची खोड माहीत असल्यासारखी त्यांना हाकलत असते. बोरगावपासून निपाणीपर्यंतचा हा सगळा मुलूखच वाळवणाऱ्या माणसांचा आहे. तंबाखू वाळवायची, शेंगा वाळवायच्या, हळद वाळवायची, आणि वैशाखात वर्षाची बेगमी. वाळलं ते टिकलं, एवढं एकच शास्त्र आम्ही कळायला लागल्यापासून शिकतो. तरी वाळत घातलेल्या वस्तूकडे बघून ज्याला धास्ती वाटते, असा या मुलखात मी एकटाच असेन.

यंदा ती धास्ती जरा मोठी आहे. आमची एकुलती एक लेक राजाक्का पहिल्या बाळंतपणासाठी सांबऱ्याहून माहेरी आली आहे. जर्मनची लढाई संपली तरी रॉकेल अजून चिठ्ठीवरच मिळतं आणि मोटारीत माणूस मावत नाही. तशा मोटारीनं निपाणीपर्यंत आणि पुढं बैलगाडीनं तिला आणताना प्रत्येक खड्ड्याला माझाच जीव वर येत होता. आता तिला आठवा चालू आहे. ती मात्र निवांत आहे. कैरीला मीठ लावून खाते, आईशी बोलत बसते, दुपारी झोपते. परवा जेवताना सहज म्हणाली, "आप्पा, माझा पाळणा हाय न्हवं अजून? त्येच्यातच घालूया बाळाला." मी मान हलवली आणि अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून हात धुतला.

पाळणा आहे. गोठ्यात तुळईला सुंभानं बांधून टांगलेला आहे. गावात त्याचं नाव गुणाचा पाळणा असं पडलंय, कारण आमची तिसरी खेप त्यात तगली. कितीदा शेजारणी मागायला आल्या. मी दरवेळी काहीतरी सबब सांगितली आणि पाळणा दिला नाही. लोक म्हणाले, नेमगोंडाचा जीव पाळण्यात अडकलाय. खरं कारण वेगळं होतं. त्या पाळण्याच्या उशाच्या फळीत एक तडा आहे. तो कसा गेला हे मी वीस वर्षांत घरात कुणाला सांगितलेलं नाही. आणि त्या तड्याखाली माझ्या नातवंडाचं डोकं यावं, हे मला सोसवणार नाही.

बायकोचं नाव घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही. तिला मी राजाक्काची आई म्हणतो. राजाक्का झाली त्या वैशाखाच्या आधी तिला काय म्हणायचो ते आता आठवत नाही. बहुधा नुसतं "अगं" म्हणत असेन, कारण तेव्हा ती अजून कुणाची आई म्हणून उरलेली नव्हती. आमची पहिली दोन मुलं गेली. दोन्ही बाळंतपणं तिच्या माहेरी, चिकोडीच्या बाजूला झाली. तिच्या वडिलांनी हौसेनं सातव्या महिन्यातच रंगीत पाळणा आणून ठेवला होता. पहिलं आठ दिवस राहिलं. दुसरं रडलंच नाही. ती परत आली तेव्हा पंधरा दिवसांत कामाला लागली, तंबाखूच्या खुडणीला बायकांच्या पुढं असायची, आणि सगळे म्हणायचे की पोरगी सावरली. मीही तसंच म्हणायचो.

तिसऱ्या वेळी माझ्या आईनं सगळं आपल्या हातात घेतलं. तिला सगळं गाव अव्वा म्हणायचं. बाळंतपण इथंच करायचं, हे तिनं ठरवलं. पोटातल्या जिवासाठी आधी काही करून ठेवायचं नाही, अंगडं शिवायचं नाही, टोपडं शिवायचं नाही, ही आमच्या घरातली जुनी रीत. अव्वानं ती लाकडापर्यंत नेली. पाळण्याचं लाकूडसुद्धा पोर जन्मल्यावरच तोडायचं. तेही दारातल्या कडुलिंबाचं, कारण कडू लाकडाला कसली बाधा होत नाही. बाजारची वाळलेली फळी चालणार नाही, ती कुणासाठी तोडली होती कुणास ठाऊक. आणि बाराव्या दिवशी त्याच पाळण्यात घालून नाव ठेवायचं. अव्वाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंब न घेणारी बाई ती, तिच्याशी वाद घालणार कोण?

आमचा सुतार कल्लाप्पा. पिढीजात आमच्याच घरच्या नांगर-कुळवाचं काम बघणारा, बोलायला तिखट, हाताला गोड. अव्वाची अट ऐकून त्यानं कान खाजवला. मग म्हणाला, "अव्वा, बारा दिसात लोणचं सुदिक मुरत न्हाय. लिंब कुठनं वाळंल?" अव्वा म्हणाली, ते तुझं तू बघ. तिनं विषय मिटवला आणि पिंपातलं पाणी उपसायला निघून गेली.

राजाक्का आठव्यातच झाली. सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही, असं आमच्याकडे म्हणतात. ते कोणी त्या दिवशी बोललं नाही, पण सोप्यात बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडावर मला ते दिसत होतं. सुईण तानूबाईनं दार उघडून सांगितलं, मुलगी आहे, लहान आहे, रडली. एवढं ऐकून मी जो उठलो तो कुऱ्हाड घेऊन लिंबावर चढलो. दुसरं मला करण्यासारखं काही नव्हतंच. अख्खं झाड तोडायला अव्वानं नको म्हटलं होतं, म्हणून घरावर आलेली एक जाड फांदी उतरवली. कल्लाप्पाला ते आवडलं नाही. फांदीचं लाकूड एका अंगानं ओढ खातं, खोडासारखं शहाणं नसतं, असं तो दोनदा म्हणाला.

त्या बारा दिवसांत मी लाकडाविषयी जेवढं शिकलो तेवढं तंबाखूविषयी जन्मभरात शिकलो नसेन. कल्लाप्पानं त्याच दिवशी करवतीनं फळ्या पाडून घेतल्या, पातळ, बोटाच्या जाडीच्या. मधला गाभा काढून टाकला; गाभा ज्या फळीत राहतो ती फळी फुटायचीच, म्हणाला. पाळण्याच्या तळाला लाकूडच नको, सुंभ विणू, म्हणजे तेवढंच वाळवायचं कमी. फळ्यांच्या दोन्ही टोकांना शेण आणि चुना कालवून जाड थापला, कारण लाकडातलं पाणी टोकांनी सगळ्यात आधी पळतं. मग गुऱ्हाळावरची काहील आणवली. गुळाचा हंगाम संपून ती पालथी पडली होती. तिच्यात पाणी भरून फळ्या बुडवल्या, वर दगड ठेवले आणि दिवसभर खाली जाळ लावला. पाणी आधी पिवळं झालं, मग काढ्यासारखं काळं. सगळ्या गल्लीला कडू वास सुटला. उकळल्यावर लाकडाचा रस निघून जातो आणि आतल्या पाण्याला बाहेर पडायची वाट मोकळी होते, असं त्याचं म्हणणं. काहिलीतच फळ्या सावकाश निवू दिल्या. गरम फळी वाऱ्यावर काढायची नाही, हे त्यानं मला तीन वेळा बजावलं.

काहिलीशेजारी बसून त्यानं जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. "लाकूड भायेरनं आधी वाळतंय, नेमू. आत वल्लं असतंय, फुगल्यालं. भायेरची कातडी आखडती, ती आतल्याला पुरत न्हाय, मग फाटती. लाकडाला वाळू द्याचं, पर त्येच्या कातडीला घाई करू द्याची न्हाय."

मी मान डोलावली. पण खरं सांगायचं तर मला ते कळलं नव्हतं. मी तंबाखूवाला. पान हाताला लागलं की वाळलं का नाही ते कळतं. बाहेरून कोरडं ते आतूनही कोरडं. पानाला आत असतंच कुठं? जन्मभर पानं वाळवणाऱ्या माणसाला जाडी म्हणजे काय ते कळत नाही. ही चूक माझीच एकट्याची नाही, आमच्या सगळ्या धंद्याची आहे. पण ती केली मी.

फळ्या ठेवायच्या कुठं, हा पुढचा प्रश्न. सोप्यात वारा, माळ्यावर पत्र्याची धग, वखारीत तंबाखू. कल्लाप्पानं घरभर हिंडून शेवटी बाळंतिणीच्या खोलीकडे बोट केलं. उबदार, वारा नाही, शेगडी दिवसभर, आणि गरम पाण्याच्या वाफेनं हवा थोडी ओलसर. लाकडाला याच्यापेक्षा चांगली जागा नाही. अव्वा तयार होईना. बाळंतिणीच्या खोलीत पाळणा बाराव्याच्या आधी कसा जाईल? कल्लाप्पा म्हणाला, जोडल्याशिवाय तो पाळणा नव्हे, नुसत्या फळ्या. अव्वानं विचार केला आणि हो म्हटलं. मग खोलीत वर दोन आडव्या बांबूंवर, मधे काड्या घालून, फळ्या एकावर एक रचल्या. उशाची फळी सगळ्यात वर, तिच्यावर वजनाला वाळूची पिशवी, आणि सगळ्यावर ओलं गोणपाट टाकलं. रोज गोणपाट थोडं कमी भिजवायचं. खाली बाजेवर राजाक्काची आई, तिच्या कुशीत कापसात गुंडाळलेली पोर. दोघींच्या वर लिंब.

त्या खोलीचा वास मला आजही येतो. ओवा, बाळंतशेपा, निखाऱ्यावरचं वावडिंग, आणि त्या सगळ्याच्या खाली ओल्या लाकडाचा कडवट वास. तानूबाई दार किलकिलं करायची तेव्हा तो बाहेर यायचा. पोर दिसायची नाही. दिसायचं ते फक्त कापसाचं गाठोडं आणि कधी त्यातून आलेला एवढासा हात. त्या हाताची कातडी सैल होती, मोठ्या माणसाची कातडी लहान हाडांवर घातल्यासारखी. मी बघायचो आणि लगेच नजर काढून घ्यायचो.

कल्लाप्पानं मला एक काम दिलं होतं. रोज सकाळी उशाची फळी तेवढी बाहेर घेऊन वजन करायची. जोवर रोज उतरते आहे तोवर पाणी निघतंय. मी तंबाखूची तागडी सोप्यात टांगली. तानूबाई फळी दारातून देई, मी वजन करून लगेच परत करी. पहिल्या दिवशी फळी पावशेरानं उतरली, दुसऱ्या दिवशी तेवढीच, मग हळूहळू कमी. एकदा तानूबाईला मी हळूच म्हटलं, पोरीलाही एकदा तागडीत घालून बघूया का. अव्वानं ते ऐकलं. तान्ह्या पोराला कुणी तागडीत घालतं का, ती काय तंबाखू आहे, म्हणून तिनं मला असं झापलं की तो विषय मी पुन्हा काढला नाही. त्यामुळं झालं असं, की फळी रोज किती हलकी झाली हे मला तोळ्यापर्यंत ठाऊक होतं, आणि पोर एक गुंज तरी जड झाली का हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रोज तागडीपुढं उभा राहून मी फळीच्या पारड्याकडे बघायचो आणि मनात दुसरंच वजन करायचो.

नवव्या दिवशी सकाळपासून पोर दूध घेईना. तानूबाई बोळ्यानं थेंब थेंब ओठांवर सोडत होती, ते गालावरून ओघळत होते. निपाणीहून डॉक्टर आणायला चुलतभावाला गाडी देऊन पाठवलं. अव्वा खांबाला टेकून बसली होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "नाव ठेवल्यालं पोर जरा धरून ऱ्हातंय. बिननावाचं लगीच जातंय."

बिननावाची दोन तिनं पाहिली होती. मीही पाहिली होती. आणि माझ्या डोक्यात एकच घुमायला लागलं, की पाळणा आज झाला पाहिजे. आज झाला तर आजच नाव. बाकीच्या फळ्या कल्लाप्पानं कालच वाजवून बघून बऱ्या म्हटल्या होत्या. उशाचीच तेवढी त्याला दोन दिवस हवी होती. जरा जाड होती ती. मी ती मागून घेतली. हात फिरवला. कोरडी. गेले दोन दिवस वजनातही फारशी उतरली नव्हती. तंबाखूच्या पानाला जसं शेवटचं एक ऊन दाखवतात तसं हिला दाखवावं, असं मला वाटलं. भर दुपारी, पश्चिमेचं वारं सुटलेलं असताना, मी ती फळी बाळंतिणीच्या खिडकीखालच्या तापलेल्या दगडांवर नेऊन उभी केली. लाकडाला घाई करू नको म्हणून बजावलेलं होतं, आणि मी ती केली.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मी तिथंच उकिडवा बसलो होतो. आधी काहीच झालं नाही. मग टक् असा आवाज आला, वाळलेली काडी मोडावी तसा, पण जाड. फळीच्या मधोमध, शेण लावलेल्या टोकापासून आत, एक काळी रेघ उमटली होती. बोटभर लांब. मी ती दोन्ही हातांनी दाबून धरली. असं दाबून काही होत नसतं.

वर खिडकीतून राजाक्काच्या आईचा आवाज आला, अगदी बारीक. "काय वाजलं?"

मी म्हटलं, "काय न्हाय. कवाड वाजलं."

त्या अंगाला कवाड नाही. तिकडे नुसती भिंत आणि खिडकी. पण बाळंतपणात बाईचं डोकं जाग्यावर नसतं, असं मी मनाला सांगितलं. तिनंही पुढं काही विचारलं नाही.

कल्लाप्पा आला, फळी सावलीत नेऊन ओल्या गोणपाटात गुंडाळली आणि मग माझ्याकडे बघितलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं नखानं तडा तपासला. नवी फळी उकळून वाळवायला दिवस नव्हते, आणि हीच फळी कामाला आणायची तर तडा पुढं सरकू न देणं एवढंच हातात होतं. घरात सांगायचं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "लाकडाचं काम माझं. सांगायचं काम तुझं." मी सांगितलं नाही.

त्याच दिवशी तिन्हीसांजेला, डॉक्टर यायच्या आधीच, पोरीनं बोळा ओढला. पुन्हा ओढला. तानूबाई दारात येऊन रडत सांगून गेली. दुसऱ्या कुणी यावर पेढे वाटले असते. मी खाटेवर पडून एवढाच विचार करत होतो की फळी फुटली तेव्हा पोरीच्या आयुष्याचं नेमकं काय ठरलं असेल. भित्र्या माणसाच्या नशिबी चांगली बातमीसुद्धा पुरती येत नाही.

तड्यावर आडवी, मधे बारीक आणि दोन्ही टोकांना रुंद, डमरूसारखी एक खिट्टी कल्लाप्पानं खोचून बसवली. तडा आता पुढं जायचा नाही, म्हणाला. मग तशाच आणखी दोन खिट्ट्या, जिथं तडा नव्हता तिथं, दोन्ही बाजूंना बसवल्या. तड्यात राळ आणि लिंबाचा भुसा भरला, वर जवसाचं तेल घासलं. सांधे त्यानं मुद्दाम थोडे सैल ठेवले. लाकूड अजून आखडेल तसतशा पाचरी ठोकायच्या होत्या. बाराव्या दिवशी बायका जमल्या. आत्यानं पोरीच्या कानात कुर्र करून नाव सांगितलं, राजमती. पाळण्याला झोका दिला. उशाच्या फळीवरची तीन डमरूंची नक्षी सगळ्यांना फार आवडली. पुढं गावात दोन-तीन घरांनी तशीच नक्षी करून मागितली, आणि कल्लाप्पानं तोंडाची रेषही न हलवता ती करून दिली.

पुढची वर्षं कशी काढली ते माझं मला माहीत. पोर खोकली की मी आधी पाळण्याकडे जायचो. तड्याच्या लांबीएवढी कडब्याची एक काडी तोडून मी पागोट्यात ठेवली होती, तिनं मोजायचो. तडा कधी वाढला नाही. तरी मोजायचो. तिला गोवर आला तेव्हा भरलेली राळ सुटून पडली, आणि मी ती चोरासारखी पुन्हा भरली. रोज संध्याकाळी राजाक्काची आई पोरीला काजळाची तीट लावायची आणि बोटावर उरलेलं काजळ पाळण्याच्या मधल्या डमरूला पुसायची. तिचं मधलं बोट तंबाखूच्या विळ्यानं कापून वाकडं झालेलं आहे. त्या बोटाचा ठिपका नेहमी जरा लांबट पडायचा. पाळण्याला दृष्ट लागू नये म्हणून करते, असं मी धरून चाललो. राजाक्काच्या पाठीवर आम्हाला मूल झालं नाही. तेही मी त्या तड्याच्या नावावर टाकलं.

कल्लाप्पा जाऊन आता सहा वर्षं होतील. त्याचा मुलगा शंकर काम बघतो. गेल्या वर्षी वळवाच्या वाऱ्यात दारातल्या लिंबाची दुसरी एक मोठी फांदी पडली. राजाक्काचं लग्न तेव्हा नुकतंच झालं होतं. मी ती फांदी बघत उभा राहिलो आणि मला एक पळवाट सुचली. रीत काय, तर जन्माआधी लाकूड तोडायचं नाही. मी कुठं तोडलं? वाऱ्यानं पाडलं. शंकरला बोलावून तिची एकच फळी पाडून घेतली, गोठ्याच्या दाराला हवी म्हणून सांगितलं. बाकीचा पाळणा राहू दे तसाच, उशाची फळी तेवढी बदलायची, एवढाच माझा बेत. फळी वखारीच्या माळ्यावर, वारा नाही अशा कोपऱ्यात, काड्यांवर आडवी ठेवली. टोकांना शेण-चुना थापला. वर दगड ठेवला. या वेळी बारा दिवस नाहीत, बारा महिने. कल्लाप्पानं बघितलं असतं तर शाबासकी दिली असती.

पण अव्वाची रीत मोडली ती मोडलीच. वाऱ्यानं पाडली ही वकिली दिवसा पटते. एरवी मला आठवत राहतं की येऊ घातलेल्या जिवासाठी मी आधीपासून लाकूड साठवून बसलोय, तिच्या माहेरी साठवलं होतं तसं. एकीकडे तड्याची भीती आणि दुसरीकडे न फुटलेल्या फळीची. पोरीच्या पोटाकडे बघितलं की दोन्ही एकदम वर येतात. घाई केली तरी चुकलं, आधीपासून केलं तरी चुकलं. मग करायचं तरी केव्हा, हे अव्वाला विचारायला हवं होतं. आता तीही नाही.

राजाक्का आल्यापासून घरात माणसांची ये-जा वाढली, माझे गुडघे धरलेत, आणि पंधरा-वीस दिवस मला माळ्यावर चढता आलं नव्हतं. उन्हाळ्यात टोकाचं शेण तडकून पडतं, ते पुन्हा लावावं लागतं. नाही लावलं आणि टोक उघडं पडलं तर वर्षाची मेहनत एका दुपारी जाते. आज अंगणात सगळ्याजणी कुरड्या उलटत होत्या, तेव्हा मी मूठभर शेण-चुना पळसाच्या पानावर घेऊन वखारीत गेलो. शिडीची एकेक पायरी चढताना कानात तोच आवाज होता. टक् झालेलं असलं तर काय करायचं, याचं उत्तर मी वर पोचेपर्यंत शोधत होतो.

फळी धड होती. मी अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. कुठं केसभरही रेघ नाही. बोटाच्या पेरानं वाजवली तर खणखणीत वाजली. मग शेण लावायला टोकाकडे वळलो आणि हात तसाच राहिला. टोकाला शेण लावलेलं होतं. जुनं नव्हे, ओलं, सकाळचं. आणि त्याच्याखाली वाळलेले जुने थर दिसत होते, एकावर एक, मी लावले त्यापेक्षा कितीतरी जास्त. ओल्या थरावर चार बोटांचे फराटे होते. तीन सरळ. मधला एक वाकडा.

माझ्या खाली शिडी हलली. राजाक्काच्या आईनं ती दोन्ही हातांनी धरली होती आणि वर बघत होती. कुरड्यांचं पीठ अजून तिच्या मनगटाला होतं. किती दिवस ती माझ्या पाठीमागं चढत होती, ते त्या थरांवरूनच मोजता येत होतं. वीस वर्षांपूर्वी त्या बाजेवर पडून तिनं खिडकीखालचं सगळं ऐकलं होतं. मधल्या, तड्यावरच्या डमरूचं काजळ कशासाठी होतं तेही मला तिथं शिडीवर उभ्या उभ्या कळलं. भीती माझी एकट्याची आहे असं समजून मी ती एवढी वर्षं एकट्यानं वाहिली, आणि तिनं तिची.

ती म्हणाली, "सावकाश उतरा. गुडगं धरल्यात तुमचं."

मी एक पायरी उतरलो. मग ती हळूच, अंगणात ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "ह्या बारीला कवाड वाजू देऊ नका."

मी खाली उतरलो. वखारीचं पश्चिमेचं दार अर्धं उघडं होतं आणि त्यातून गरम वारं आत येत होतं. ते ओढून घेतलं, कडी घातली, आणि कडीत खिट्टी सरकवून दोनदा हलवून बघितली.